प्रेमाचं गणित मांडताना या चुका टाळा

बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्टचे विषय ठरायला लागले की कुणीतरी हमखास रोमिओ-ज्युलिएटचं मॉडेल घेऊन येतं. मला हा विषय मनापासून आवडतो. दोन ओळींची समीकरणं, आणि त्यांत ओढ, रुसवा, माघार सगळं उमटतं. म्हणूनच चांगला विषय चुकांपायी वाया गेला की वाईट वाटतं. चुकाही बहुतेक ठरलेल्याच असतात.

मूळ मॉडेल गणितज्ञ स्टीव्हन स्ट्रोगॅट्झ यांचं. १९८८ साली ‘मॅथेमॅटिक्स मॅगझिन’मध्ये त्यांनी जेमतेम पानभर टिपण लिहिलं. त्यातली ज्युलिएट सरळ आहे, रोमिओला ओढ लागली की तिलाही लागते. रोमिओ मात्र चंचल. तिचं प्रेम वाढलं की त्याचं ओसरतं, ती दुरावली की तो परत वळतो. ‘र’ म्हणजे त्याचं तिच्यावरचं प्रेम आणि ‘ज’ म्हणजे तिचं त्याच्यावरचं. किंमत धन असेल तर प्रेम, ऋण असेल तर तिटकारा. ‘अ’ आणि ‘ब’ हे धन स्थिरांक, एकाच्या भावनेला दुसरा किती जोरात प्रतिसाद देतो ते सांगणारे.

र बदलण्याचा वेग = −अ × ज
ज बदलण्याचा वेग = ब × र

उत्तर येतं ते न संपणारं चक्र. दोघांचंही एकमेकांवर एकाच वेळी प्रेम असतं ते फक्त पाव वेळ.

ग्राफची चकली होते

गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने एक्सेलमध्ये काढलेला ग्राफ आणून दाखवला, एका अक्षावर ‘र’, दुसऱ्यावर ‘ज’. बंद वर्तुळ यायला हवं होतं, आली होती बाहेर उलगडत जाणारी चकली. खाली निष्कर्ष लिहिला होता की अशा जोडप्याचे चढउतार दर फेरीला तीव्र होत जातात. वाक्य वाचायला पटतं, म्हणूनच ते धोक्याचं. समीकरणं असं काही म्हणतच नाहीत.

तिचे आकडे पाहा. अ आणि ब दोन्ही १, सुरुवातीला र = १ आणि ज = ०, वेळेची पायरी ०.१. म्हणजे प्रत्येक ओळीतली नवी किंमत = वरच्या ओळीतली किंमत + वरच्या ओळीवरून काढलेला वेग × ०.१. दुसऱ्या ओळीत र १ आणि ज ०.१. तिसऱ्या ओळीत र ०.९९ आणि ज ०.२. आता प्रत्येक ओळीत दोन्हींच्या वर्गांची बेरीज करा: १, मग १.०१, मग १.०२०१. ही बेरीज खरं तर हलायलाच नको होती. इथे ती दर पायरीला एक टक्का फुगते. साधारण ६३ ओळींत एक फेरी पूर्ण होते, तोवर चढउतार, म्हणजे या बेरजेचं वर्गमूळ, जवळजवळ १.३७ पट झालेले असतात. वाढलं ते भांडण नव्हे, गणनेतली चूक.

पायरी ०.०१ केली तरी फेरीमागे तीन टक्क्यांची वाढ उरतेच. त्यापेक्षा सोपा उपाय आहे. आधी नवा ‘र’ काढा, आणि ‘ज’च्या सेलमध्ये वरच्या ओळीतला ‘र’ न घेता त्याच ओळीतला नवा ‘र’ घ्या. एका सेलचा पत्ता बदलला की चकली थांबते. अ आणि ब वेगळे असतील तर ब × र² + अ × ज² ही बेरीज तपासा. त्यासाठी शेजारी एक कॉलम ठेवाच.

अ आणि ब कशात मोजले?

स्थिरांकांना वेळेचं एकक असतं, हे बहुतेक जण लिहीत नाहीत. दोन्ही ०.१ धरले आणि वेळ दिवसांत असेल, तर चक्र सुमारे ६३ दिवसांचं. वेळ आठवड्यांत असेल तर तेच चक्र सव्वा वर्षाच्या आसपास जातं. आकडा तोच, संसार वेगळा.

प्रेम अनंताला जातं

दोघं सावध स्वभावाची असली तर? स्वतःच्या भावनेला आवर घालायचा जोर आणि समोरच्याला प्रतिसाद द्यायचा जोर यांची तुलना करायची. आवर जास्त असेल तर दोघंही हळूहळू उदासीन होतात. प्रतिसाद जास्त असेल तर ‘र’ आणि ‘ज’ वाढतच राहतात, किंवा सुरुवात वाईट झाली असली तर द्वेष वाढत राहतो. तो ग्राफ शंभर दिवसांपर्यंत ओढून त्यावर भाष्य करू नका. रेषीय मॉडेल, म्हणजे ज्यात वेग भावनेच्या प्रमाणातच वाढतो ते, सुरुवातीचा कल सांगतं. पुढचं हवं असेल तर प्रतिसादाला कमाल मर्यादा घाला.

जुळलं म्हणजे भाकीत झालं नाही

सिएटलला मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी जोडप्यांना वादाच्या एखाद्या विषयावर पंधरा मिनिटं बोलायला लावलं आणि त्या संभाषणाला गुण दिले. गणितज्ञ जेम्स मरे यांच्यासोबत त्यावर समीकरणं बसवली. एकाच्या बोलण्याचा दुसऱ्यावर किती परिणाम होतो, हे त्यात वेगळं काढून दाखवता येतं, आणि मला तोच भाग मोलाचा वाटतो. ‘घटस्फोट आधीच ओळखता येतो’ हे मात्र जपून लिहा. ज्यांचं पुढे काय झालं ते माहीत आहे, त्यांच्यावर बसवलेलं सूत्र नव्या जोडप्यांवर तपासावं लागतं. समजा शंभर जोडप्यांपैकी दहा वेगळी होणार आहेत आणि चाचणी दोन्ही बाजूंनी ९० टक्के अचूक आहे. ती दहापैकी नऊ ओळखेल, आणि सुखाने नांदणाऱ्या ९० पैकी नऊ जोडप्यांनाही धोक्याचा शिक्का मारेल. म्हणजे शिक्का बसलेल्यांपैकी निम्मी जोडपी टिकणारी आहेत.

३७ टक्क्यांच्या नियमाबद्दल थोडक्यात. पहिली ३७ टक्के स्थळं नुसती पाहायची आणि मग त्यांच्याहून सरस दिसेल ते पहिलं स्थळ पक्कं करायचं, असा तो नियम. त्यासाठी एकूण स्थळं किती येणार ते आधी ठाऊक हवं आणि समोरून नकार येताच कामा नये. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात यातलं काहीच लागू होत नाही. आणि सगळं लागू झालं तरी सर्वोत्तम स्थळ हाती लागण्याची शक्यता ३७ टक्क्यांच्याच आसपास असते.

एकाच बाजूची माहिती

इटालियन कवी पेत्रार्क याने लॉराला ६ एप्रिल १३२७ रोजी आव्हिन्यॉमध्ये पाहिलं असं तो सांगतो. पुढे कितीतरी वर्षं तो तिच्यावर कविता लिहीत राहिला. संशोधक सर्जिओ रिनाल्डी यांनी १९९८ मध्ये या नात्याचं मॉडेल मांडलं. त्याचं प्रेम, तिचं प्रेम आणि त्याची काव्यप्रेरणा अशी तीन समीकरणं, आणि त्यातून वर्षानुवर्षं फिरणारं आशा-निराशेचं चक्र. मला हे काम फार सुंदर वाटतं. तरी एक गोष्ट डोळ्याआड करता येत नाही. लॉराच्या हातची एकही ओळ आपल्याकडे नाही. ती कोण होती यावरही वाद आहे. तिचं समीकरण उभं राहतं ते पेत्रार्कच्या कवितांवर.

विद्यार्थी स्वतःच्या व्हॉट्सॲप चॅटवरून ‘ज’ काढून आणतात, तेव्हा मी एवढंच विचारते की दुसऱ्या फोनवरचा ‘र’ कुणी भरला. बहुतेक वेळा तोही त्याच हाताने भरलेला असतो.