फॉस्फरसच्या गोळ्या : या चुका टाळा

डायलिसिसवरच्या पेशंटचा रक्तातला फॉस्फरस महिनोन्‌महिने 7 (मिलिग्रॅम/डेसिलिटर) च्या खाली येत नाही, तेव्हा दोष तो कमी करणाऱ्या गोळीला दिला जातो. बहुतेकदा गोळी बरोबर असते, चुकलेली असते ती घ्यायची वेळ.

सेव्हेलॅमर, कॅल्शियम ॲसिटेट, लॅन्थेनम ही औषधं आतड्यात अन्नातल्या फॉस्फरसला धरून शौचावाटे बाहेर काढतात. रक्तात आधीच शिरलेल्या फॉस्फरसला ती हात लावत नाहीत. त्यामुळे अनशापोटी घेतलेली गोळी वाया जाते. कॅल्शियम ॲसिटेट तर अनशापोटी घेतलं की रक्तातलं कॅल्शियमच जास्त वाढवतं.

घडतं ते असं. डायलिसिससाठी पहाटेची एसटी धरून लातूर-नांदेडला यायचं असतं. मामा बीपीच्या गोळीसोबत हीसुद्धा कोऱ्या चहाबरोबर घेऊन निघतात. मशीनवरून उतरल्यावर भाकरी, वरण, शेंगदाण्याची चटणी असं दिवसातलं मोठं जेवण होतं, आणि गोळ्या घरी फडताळात. रिपोर्टमध्ये 7.5 येतो, डोस दुप्पट होतो, वाढलेली गोळीही चहाबरोबरच जाते. डॉक्टरांनी विचारलं की उत्तर ठरलेलं, "रोज घेतो की!" म्हणून गोळ्या औषधांच्या पिशवीत नको, जेवणाच्या डब्यात ठेवा. दोन-चार घास झाले की घ्या. विसरलात आणि जेवून नुकतेच उठला असाल तर लगेच घ्या, दोन तासांनी आठवलं तर सोडून द्या. पुढच्या जेवणाला दोन एकदम नकोत. मोठ्या जेवणाला किती आणि छोट्याला किती, हे डॉक्टरांकडून लिहूनच घ्या.

दुसरी चूक चावण्याची. लॅन्थेनम पूर्ण चावूनच खायची. अख्खी गिळल्यामुळे आतडं तुंबल्याची उदाहरणं आहेत. दात नसतील तर बारीक कुटून द्या. सेव्हेलॅमरचं नेमकं उलटं: ती ओली झाली की फुगते, म्हणून अखंड गिळायची. आजीला गिळवत नाही म्हणून ती खलबत्त्यात घालणं हा घाईचा उपाय आहे. तिची पाण्यात कालवून घ्यायची पावडर मिळते, ती लिहून मागा.

थायरॉइडच्या गोळीत आणि फॉस्फरसच्या गोळीत किमान 4 तासांचं अंतर हवं.

बद्धकोष्ठ झालं तर डॉक्टरांना सांगा, दुकानातून फॉस्फेटचा (म्हणजे फॉस्फरसचाच) एनिमा कधीच आणू नका.

"गोळी चालू आहे, आता काहीही चालतं" हेही खरं नाही. डाळीतला फॉस्फरस निम्मा किंवा त्याहून कमीच अंगात शिरतो, काळ्या कोल्ड्रिंकमधला आणि पाकीटबंद पदार्थांत मिसळलेला जवळजवळ सगळा. 4 तासांच्या एका डायलिसिसमध्ये साधारण 800 मिलिग्रॅम निघतो, जवळपास एका दिवसाच्या जेवणात असतो तेवढा. भाडं वाचवायला एक डायलिसिस चुकवलं की तो भार गोळीला पेलत नाही.

पंधरा दिवसांत "काही फरक वाटत नाही" म्हणून गोळी सोडणारे फार. वाढलेला फॉस्फरस आधी जाणवतच नाही, खाज आणि हाडदुखी मागाहून येते, तोवर रक्तवाहिन्यांत चुना (कॅल्शियम) साचू लागलेला असतो. तपासणीचं रक्त डायलिसिसच्या आधीच द्या. नंतर दिलं तर आकडा उगाच चांगला दिसतो आणि काही तासांत परत चढतो. तो बघून गोळी कमी करू नका.