वर्ग गप्प का बसतो? नव्या शिक्षकांनो, या चुका टाळा

दरवर्षी बीएडचे छात्राध्यापक आमच्या शाळेत सराव पाठाला येतात. टाचणं सुंदर, तक्ते रंगीत. मी निरीक्षण वही घेऊन शेवटच्या बाकावर बसते आणि त्याच त्या चुका लिहीत राहते. पाठ झाला की पहिला प्रश्न ठरलेला: "मॅडम, मुलं बोलतच नाहीत, काहीतरी ट्रिक सांगा ना." ट्रिक नसते. मुलं बोलायची का थांबली, ते आधी शोधावं लागतं.

बहुतेक वेळा कारण एकच असतं: कुणीतरी बोललं आणि त्याचं हसं झालं.

आठवीचा विज्ञानाचा तास होता. प्रश्न छान होता: थंडीत पहाटे विहिरीचं पाणी कोमट का लागतं? सगळे गप्प. बार्शीकडून पुण्यात, वाघोलीला बांधकामावर आलेल्या कुटुंबातली एक मुलगी उठली. "हिरीचं पानी हाय तेवढंच असतंय. बाहीर गारठा पडतोय, म्हणून ते आपल्याला ऊन लागतंय." जमिनीखालचं तापमान फारसं बदलत नाही, बदलते ती वरची हवा. पुस्तकात सापडणार नाही इतकं नेमकं उत्तर! आणि सर म्हणाले, "पानी नाही, पाणी. बाणातला ण." वर्ग हसला, सरही हसले. उत्तर बरोबर की चूक, हे कुणी सांगितलंच नाही. त्या आठवड्यात तिचा हात पुन्हा वर गेला नाही.

याच पुण्यात, बुधवार पेठेतल्या भिडेवाड्यात, 1848 साली जोतिराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. त्याच शहरात एखाद्या मुलीला घरच्या बोलीपायी खाली बसावं लागतं, याचा मला मनापासून राग येतो.

दुसऱ्या दिवशी मी त्या सरांना तिचं वाक्य, तिच्याच शब्दांत, फळ्यावर लिहायला लावलं. खाली तिचं नाव. मग त्यावरून तास पुढे न्यायचा. ती लगेच बोलायला लागली नाही. पुष्कळ दिवसांनी मधल्या सुट्टीत टेबलाशी येऊन तिने पाझराबद्दल विचारलं. माझी सवय अशी: आधी आशयाला दाद द्यायची. प्रमाणभाषा शिकवायचीच, पण मराठीच्या तासाला आणि सगळ्यांना मिळून.

दुसरी चूक, प्रश्न विचारून स्वतःच उत्तर देणं. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने 1970च्या दशकात वर्गांच्या ध्वनिफिती तपासल्या. प्रश्नानंतर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबत होते. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांबली, आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागली. तीन सेकंद! नव्या शिक्षकाला तेवढेही जड जातात, कारण शांतता म्हणजे आपला पाठ फसला असं त्याला वाटतं. मी खडू खाली ठेवते आणि खिडकीपर्यंत चालत जाते. परत येईपर्यंत कुणीतरी बोलतंच.

"समजलं का?" हा प्रश्न टाकूनच द्या. त्याला एका सुरात "होऽ" येतं आणि त्यातून काहीच कळत नाही. त्यापेक्षा "शेजारच्याला समजावून सांग" म्हणा आणि कान देऊन ऐका.

रीलमधली भाषा बोलून मुलांचे मित्र होऊ नका. खोटेपणा त्यांना पहिल्या पाच मिनिटांत कळतो.

उत्तर येत नसेल तर "उद्या बघून सांगते" म्हणा, आणि उद्या खरंच सांगा. बरेच जण पहिलं करतात, दुसरं विसरतात.

अप्पा बळवंत चौकातून गाईड आणून त्यातलेच प्रश्न फळ्यावर उतरवू नका. ते गाईड मुलांच्या दप्तरातही असतं.

"गाढवा", "मठ्ठ" हे शब्द चालणार नाहीत, गमतीतसुद्धा. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 17 ने मारण्याबरोबर मानसिक छळालाही बंदी घातली आहे.

आणि "अठरा नंबर, उभा राहा" नको. हजेरीपटावरची नावं आदल्या रात्री मोठ्याने वाचून जा. एखादं नाव कसं म्हणायचं ते कळत नसेल, तर त्या मुलालाच विचारा.