लिम्फोमासाठी पेशी कोणाच्या? सोलापुरातून निघण्यापूर्वीची तयारी

लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग, उपचारांनंतर उलटला आणि पुण्याच्या किंवा मुंबईच्या डॉक्टरांनी रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशींच्या प्रत्यारोपणाचा विषय काढला, की आपल्याकडे घरात सर्वांत आधी ‘कोणता भाऊ देणार?’ हा प्रश्न निघतो. ल्युकेमियासारख्या रक्ताच्या कर्करोगात तो प्रश्न बहुधा योग्य असतो. लिम्फोमात मात्र पहिला प्रश्न वेगळा आहे : रुग्णाच्या स्वतःच्या मूळ पेशी वापरता येतील का, आणि येणार असतील तर त्या वेळेत गोळा होतील का? उरलेला आजार मारण्यासाठी अतितीव्र केमो द्यावी लागते, तिच्यामुळे अस्थिमज्जा, म्हणजे हाडांतला रक्त तयार करणारा गर, रिकामी होते, आणि आधी काढून गोठवलेल्या स्वतःच्याच पेशी ती पुन्हा भरून काढतात. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पार्मा’ चाचणीत केमोला दाद देणारा, उलटलेला आक्रमक लिम्फोमा असलेल्या रुग्णांपैकी असे प्रत्यारोपण झालेल्या गटात पाच वर्षांनी ५३ टक्के हयात असल्याचा अंदाज निघाला, तर नेहमीच्या केमोच्या गटात ३२ टक्के. ही चाचणी लिम्फोमावरील रिटुक्सिमॅब या औषधाचा वापर सुरू होण्यापूर्वीची आहे. तरी ‘केमोला दाद देणारा’ ही तिच्यातली अट आजही निर्णायक आहे.

म्हणून तयारीची सुरुवात कागदांपासून करावी. केमो बार्शीला झाली असो वा सोलापुरात, प्रत्येक फेरीची तारीख, औषधाचे नाव आणि मात्रा लिहिलेला तक्ता मागून घ्यावा. केवळ डिस्चार्ज कार्डावर भागत नाही. लेनालिडोमाइड किंवा बेंडामुस्टिन ही औषधे दिली होती का, कमरेच्या हाडांवर रेडिएशन झाले होते का, एकूण किती फेऱ्या झाल्या, यावरून पेशी पुरेशा निघतील की नाही याचा अंदाज बांधता येतो. बायोप्सीच्या स्लाइडबरोबर मेणाचा ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेला गाठीचा तुकडाही लागतो. तो तपासणी झालेल्या प्रयोगशाळेत असतो आणि अर्ज केल्यावर मिळायला काही दिवस जातात, त्यामुळे तिकीट काढण्याआधी अर्ज द्यावा. अलीकडचा पेट स्कॅन सीडीसकट न्यावा. अस्थिमज्जेच्या तपासणीचा अहवालही हवा, कारण मज्जेत आजार असताना स्वतःच्या पेशी गोळा करणे योग्य ठरत नाही. अपत्य हवे असलेल्या तरुण रुग्णाने वीर्य किंवा स्त्रीबीज साठवण्याविषयी याच टप्प्यावर विचारावे. संकोचापोटी हा विषय मागे पडतो आणि अतितीव्र केमोनंतर विचारून फारसा उपयोग उरत नाही.

स्वतःच्या पेशी आता जवळजवळ नेहमी रक्तातूनच घेतात, कारण मज्जेतून काढलेल्या पेशींपेक्षा त्या लवकर रुजतात आणि पांढऱ्या पेशी साधारण दहा-बारा दिवसांत वर येऊ लागतात. त्यासाठी मूळ पेशी मज्जेतून रक्तात आणणारी फिल्ग्रास्टिमची इंजेक्शने सहसा चार-पाच दिवस घ्यावी लागतात. त्यांनी हाडे दुखतात, ते अपेक्षितच आहे. ही इंजेक्शने २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागतात. एप्रिल-मे महिन्यांत, पारा चाळिशी ओलांडत असताना आणि वीज जात असताना, ती घरी आणून ठेवण्यापेक्षा केंद्राजवळ राहून घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. पेशी वेगळ्या करणारे यंत्र चार-पाच तास चालते. ओठांना मुंग्या आल्या तर लगेच सांगावे. रक्त गोठू नये म्हणून वापरलेल्या द्रावणामुळे कॅल्शियम उतरते. रुग्णाच्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे किमान २० लाख सीडी३४ पेशी (सीडी३४ ही मूळ पेशींची मोजण्याची खूण) हव्यात, ५० लाख मिळाल्या तर उत्तम. कमी पडण्याची चिन्हे असतील तर प्लेरिक्साफॉर नावाचे महाग इंजेक्शन द्यावे लागते. त्याचा खर्च अंदाजपत्रकात धरला आहे का, हे आधीच विचारून घ्यावे, नाहीतर रात्री नऊला फोन येतो आणि पैशांची धावपळ सुरू होते.

दात्याचा प्रश्न उभा राहतो तो स्वतःच्या पेशींनंतरही आजार उलटला, पेशी निघाल्याच नाहीत, किंवा लिम्फोमाचा प्रकारच तसा असला, तर. सख्ख्या भावंडांपैकी प्रत्येकाशी एचएलए, म्हणजे पेशींवरच्या ओळखखुणांची, पूर्ण जुळणी होण्याची शक्यता २५ टक्के असते. आईवडील आणि मुले किमान अर्धी जुळतातच. आपल्या भागात मामाची किंवा आत्याची मुलगी करण्याची रीत असल्याने, कुटुंबात अशी लग्ने झाली असतील तर आईवडील किंवा चुलत-मावस नात्यांतही कधी पूर्ण जुळणारा दाता सापडतो. म्हणून अशा लग्नांची माहिती डॉक्टरांना न लाजता सांगावी. नातेवाइकांची यादी करताना वय, वजन, आजार आणि स्त्रियांच्या बाबतीत बाळंतपणे लिहावीत. तरुण दाता सहसा अधिक चांगला. मुले झालेल्या स्त्रीच्या पेशी पुरुष रुग्णाला दिल्यास दीर्घकालीन जीव्हीएचडी, म्हणजे दात्याच्या पेशींनी रुग्णाच्या शरीरावर केलेला हल्ला, होण्याचा धोका वाढतो. रक्तगट जुळलाच पाहिजे असे नाही. प्रत्यारोपणापूर्वी मात्र संभाव्य दात्यांचे रक्त रुग्णाला चढवू नये. सासरी गेलेल्या बहिणीला विचारायचे असेल तर एकटीला विचारावे. चारचौघांत ती ‘नाही’ म्हणू शकत नाही.

दात्याच्या पेशी रक्तातून घ्यायच्या की मज्जेतून, हा निर्णय खरोखर अवघड आहे. नात्याबाहेरच्या दात्यांवरील २०१२ च्या अमेरिकी चाचणीत दोन वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखेच निघाले. पेशी न रुजण्याचे प्रमाण रक्ताच्या गटात ३ टक्के आणि मज्जेच्या गटात ९ टक्के होते, तर दीर्घकालीन जीव्हीएचडी अनुक्रमे ५३ आणि ४१ टक्के. म्हणजे एकीकडे पेशी न रुजण्याची भीती आणि दुसरीकडे त्वचा, डोळे, तोंड यांचे वर्षानुवर्षे चालणारे दुखणे. डॉक्टरांना ‘चांगले कोणते’ असे विचारण्याऐवजी ‘तुमच्या केंद्रात नेहमी कोणते करता आणि का’ असे विचारावे. अर्ध्या जुळणीच्या प्रत्यारोपणात, पेशी दिल्यानंतर तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी जीव्हीएचडी रोखण्यासाठी सायक्लोफॉस्फामाइड हे औषध देण्याच्या पद्धतीमुळे, दात्यांच्या नोंदणीतला अनोळखी दाता शोधण्यात महिने घालवण्याची गरज पुष्कळदा उरत नाही. रुग्णाच्या रक्तात त्या दात्याविरुद्ध प्रतिपिंडे आहेत का, ही तपासणी मात्र त्यात चुकवू नये. मूळ पेशी नाळेच्या रक्तातही असतात, त्याबद्दल थोडक्यात : प्रौढाच्या वजनाला पेशी कमी पडतात, त्या उशिरा रुजतात, आणि खासगी बँकेत नाळेचे रक्त साठवण्याची शिफारस भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदही करत नाही.

आजार वर्षाच्या आत उलटला असेल, तर कार-टी पेशींविषयीही, म्हणजे रुग्णाच्याच प्रतिकार-पेशी प्रयोगशाळेत बदलून कर्करोगावर सोडण्याच्या उपचाराविषयीही, विचारावे. भारतात तयार झालेल्या नेक्सकार१९ या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली आहे, आणि त्यामुळे काही रुग्णांबाबत सगळा क्रमच बदलू शकतो.

उरलेली तयारी घराची. रेल्वेच्या सवलतीसाठी रुग्णालयाचे प्रमाणपत्र लागते. ते घेऊन सिद्धेश्वर एक्स्प्रेसचे आरक्षण करावे. परतल्यावर, नळाला काही दिवसांआड येणारे आणि साठवलेले पाणी उकळूनच द्यावे. तोंड आलेले असताना कडक भाकरी चालत नाही, आणि शेंगाचटणी डॉक्टर हो म्हणेपर्यंत बंद, कारण शेंगदाण्यात बुरशीची शक्यता असते. आपल्या माणसाला हे फार जड जाते. रुग्णालयात प्लेटलेट वारंवार लागतात, त्याही इरॅडिएट केलेल्या (किरणोत्सर्ग दिलेल्या), आणि त्यासाठी सोलापूरहून रोज माणूस नेता येत नाही. पुण्यात नोकरी करणारी गल्लीतली, नात्यातली मुले शोधावीत. शिरा चांगल्या असलेली, गेल्या तीन दिवसांत अ‍ॅस्पिरिन न घेतलेली. त्यांचे रक्तगट आणि फोन नंबर एका कागदावर लिहून तो कागद फाइलच्या अगदी वर लावावा.