गाळातलं प्लास्टिक मोजताय? आधी स्वेटर काढा

दर डिसेंबरात एमएस्सीची दोन-तीन पोरं माझ्याकडे येतात. पुण्याच्या मुठा नदीतून बरणीभर गाळ आणलेला असतो आणि त्यातल्या प्लास्टिकच्या तंतूंचा आकडा सांगताना डोळे चमकत असतात. मी आधी विचारते, गाळ काढताना अंगात काय होतं?

उगाच नाही विचारत. काही वर्षांपूर्वी भिडे पुलाखालून सकाळी सातला आम्ही बारा नमुने घेतले. बाराही नमुन्यांत गुलाबी तंतू. नदीच्या वरच्या अंगाला कुणी कापड रंगवतं का, इथवर चर्चा गेली. एफटीआयआरवर (इन्फ्रारेड किरणांवरून पदार्थ ओळखणारं यंत्र) बघितलं तर ॲक्रिलिक, म्हणजे प्लास्टिकचाच धागा. तीन दिवसांनी आमच्यातलीच एक मुलगी त्या दिवशीचा गुलाबी स्वेटर घालून प्रयोगशाळेत आली आणि प्रदूषक सापडला! लोकरीचा म्हणून घेतलेला स्वेटर पुष्कळदा ॲक्रिलिकचाच असतो. आम्ही ब्लँक, म्हणजे गाळ नसलेला तुलनेचा नमुना, लावलेला नव्हता, त्यामुळे आकड्यातून किती वजा करायचं तेही कळेना. बाराही नमुने फेकले.

तेव्हापासून माझ्याकडे भडक रंगाचा सुती ॲप्रनच चालतो, म्हणजे त्याचा तंतू पडलाच तर ओळखू येतो. पंखा बंद. शेजारी पेट्री डिशमध्ये ओला फिल्टर पेपर उघडा ठेवायचा. त्यावर पडेल ते तुमचं, नदीचं नाही. शिवाय गाळ न घालता सगळी कृती केलेला एक कोरा नमुना. पोरांना हा वेळेचा अपव्यय वाटतो. वाटू दे.

दुसरं दुखणं मिठाचं. गाळातून प्लास्टिक वेगळं करायला तो मिठाच्या पाण्यात ढवळतात, म्हणजे पाण्याहून हलकं असेल ते वर तरंगतं. संपृक्त मिठाच्या पाण्याची घनता साधारण १.२ (ग्रॅम प्रति घन सेंमी). त्यात पॉलिथिन, पॉलिप्रॉपिलीन, पॉलिस्टायरीन वर येतं. पण बाटल्यांचं पीईटी आणि पॉलिएस्टरचा तंतू १.३८च्या आसपास, तो खाली गाळातच बसून राहतो. मग अहवालात येतं, 'पॉलिएस्टर आढळले नाही'. अहो, तुम्ही ते वर येऊच दिलं नाहीत! त्यातून मीठ किराणा दुकानातलं. भारतीय समुद्री मिठात सूक्ष्म प्लास्टिक असल्याचं आयआयटी मुंबईच्या अभ्यासात २०१८ मध्येच दिसलंय. द्रावण आधी गाळून घ्या. जड प्लास्टिक हवं असेल तर झिंक क्लोराइड वापरा, १.५च्या वर घनता मिळते. महाग आहे, हातमोजे लागतात, आणि जलचरांना विषारी आहे, म्हणून बेसिनमध्ये ओतायचं नाही. मी गाळून पुन्हा वापरते.

बाकीच्या चुका किरकोळ वाटतात, पण नमुना त्यांनीही वाया जातो. प्लास्टिकचा डबा नको. स्टीलचा चमचा, काचेची बरणी, झाकणाखाली ॲल्युमिनियमचा कागद. गाळ वाळवताना ओव्हन साठ अंशांच्या वर नको. पालापाचोळ्यासारखा सेंद्रिय भाग विरघळवायला घालतात ते हायड्रोजन पेरॉक्साइड घाई म्हणून एकदम ओतलंत तर निम्मा नमुना फेसाबरोबर टेबलावर. काळा कण दिसला की 'प्लास्टिक' लिहू नका, कोळसाही काळाच असतो. तापलेली सुई लावा, प्लास्टिक वितळतं.

आणि पावसाळ्याआधीचा गाळ नंतरच्या गाळाशी ताडताना पूर विसरू नका. मँचेस्टर भागातल्या नद्यांत पुरानं तळातलं सुमारे ७० टक्के सूक्ष्म प्लास्टिक वाहून नेल्याचं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. ऑक्टोबरात कण कमी मिळाले म्हणून 'नदी सुधारली' असं लिहिणारा एक प्रबंध मी तपासलाय. ते प्लास्टिक खाली उजनी धरणाच्या दिशेनं गेलं होतं.