‘काळजी’चं इंग्रजी करताना या चुका टाळा

‘काळजी करू नका’ आणि ‘काळजी घ्या’. शब्द एकच, पण क्रियापद बदललं की पहिली काळजी चिंता होते आणि दुसरी जपणूक. इंग्रजीत या दोन काळज्यांना शब्दच वेगवेगळे आहेत. मराठी माध्यमातली माझी मुलं नेमकी इथे अडखळतात. ‘डोन्ट टेक केअर सर, आय विल कम’ असं म्हणणाऱ्याला धीर द्यायचा असतो, पण समोरच्याला ऐकू येतं, ‘जपू नका सर, मी येतोय!’ तिथे ‘डोन्ट वरी’ हवं.

‘केअर अबाउट’ म्हणजे जिव्हाळा असणं. आजीबद्दल तो कितीही असला, तरी तिचं औषधपाणी दुसरंच कुणी पाहत असू शकतं. ‘आजीचं सगळं मीच करते’ हे सांगायचं असेल तर ‘लुक आफ्टर’ किंवा ‘टेक केअर ऑफ’ म्हणा. नर्सिंगच्या मुलाखतीला जाणाऱ्या मुलींना मी हे मुद्दाम सांगते, कारण नुसता जिव्हाळा सांगितला की त्यांनी रात्र-रात्र केलेलं काम झाकलंच जातं. आणि कुणी ‘वुड यू केअर फॉर सम टी?’ विचारलं तर त्यात काळजीचा संबंध नाही, चहा घेणार का एवढंच विचारलंय.

‘लक्ष ठेवणं’ही असंच दुहेरी. ‘कीप अ वॉच ऑन’मध्ये बहुतेकदा पाळतीचा वास येतो. ‘वॉच ओव्हर’मध्ये माया आहे, कोकणात गावाचा राखणदार करतो ते हे. ‘लुकआउट नोटीस’ बातम्यांत ऐकून ‘लुक आउट फॉर’ म्हणजे पोलिसी नजर असं मुलांना वाटतं. पण ‘शी लुक्स आउट फॉर हर ब्रदर’ म्हणजे ती भावाची पाठराखण करते.

सगळ्यात महागात पडते ती ‘ओव्हरलुक’ची चूक. दहा जणांच्या कामावर देखरेख केली म्हणून बायोडेटात ‘आय ओव्हरलुक्ड अ टीम ऑफ टेन’ लिहिलं, की अर्थ होतो त्या दहा जणांकडे दुर्लक्ष केलं! देखरेखीला ‘ओव्हरसॉ’ किंवा ‘सुपरवाइज्ड’. ‘ओव्हरसाइट’ तर दोन्ही बाजूंनी बोलतो: ‘अंडर माय ओव्हरसाइट’ म्हणजे माझ्या देखरेखीखाली, ‘माय ओव्हरसाइट’ एवढंच लिहिलं तर बहुधा माझ्या नजरचुकीची कबुली.

अर्जात ‘संबंधित अधिकारी’साठी ‘द ऑफिसर कन्सर्न्ड’ लिहा. ‘कन्सर्न्ड ऑफिसर’ आपल्याकडे चालून जातो, पण परदेशात तो चिंताग्रस्त अधिकारी वाटतो.

राहिलं ‘हित’. ‘आय हॅव इंटरेस्ट इन यू’ कुणालाही लिहू नका, त्यातून भलताच रस दिसतो. ‘आय हॅव युअर इंटरेस्ट्स ॲट हार्ट’ म्हणजे तुमचं हित माझ्या मनात आहे. ज्याचा स्वतःचा काही स्वार्थ नाही असा सल्लागार ‘डिसइंटरेस्टेड’, आणि ज्याला तुमच्या प्रश्नात रसच नाही तो ‘अनइंटरेस्टेड’.