उसाच्या रसापासून घरी ॲसेटिक आम्ल

हौशी रसायनप्रेमीने घरी करावे असे आम्ल माझ्या मते एकच, ते म्हणजे ॲसेटिक आम्ल, अर्थात व्हिनेगर. गंधकाम्ल किंवा नत्राम्ल घरात करण्याच्या फंदात कोणीही पडू नये.

आले-लिंबू न घातलेला दोन लिटर उसाचा रस उकळून पूर्ण थंड करावा, त्यात पाव चमचा यीस्ट घालावे आणि बुडबुडे थांबेपर्यंत काचेच्या बरणीत सैल झाकणाखाली ठेवावा. नंतर वरचा निवळ द्रव दुसऱ्या बरणीत काढून घ्यावा.

खरी कसोटी इथून पुढे लागते. साखरेचे अल्कोहोल करणाऱ्या यीस्टचे हवेवाचून भागते, पण अल्कोहोलचे आम्ल करणाऱ्या ॲसेटोबॅक्टर जिवाणूंना ऑक्सिजन सतत लागतो. तरीही ‘बरणी घट्ट बंद करून महिनाभर हात लावू नका’ असा सल्ला सर्रास दिला जातो. तो मानून मी दोन बरण्या वाया घालवल्या; महिन्यानंतरही आत आंबूस वासाची दारूच होती. म्हणून रुंद तोंडाची बरणी घ्यावी, ती अर्धीच भरावी आणि चिलटे शिरू नयेत यासाठी तोंडावर दुहेरी सुती कापड घट्ट बांधावे. विरजण म्हणून द्रवाच्या पाव भाग जिवंत, न तापवलेले व्हिनेगर घालावे, म्हणजे सुरुवातीपासूनच आंबटपणा राहून बुरशीला सहसा वाव मिळत नाही. बाटलीवर ‘सिंथेटिक’ लिहिलेले व्हिनेगर इथे निरुपयोगी आहे, कारण ते पाणी घातलेले ॲसेटिक आम्ल असते, त्यात जिवाणू नसतात. पृष्ठभागावर येणारी गुळगुळीत, पांढरट साय जिवाणूंनीच विणलेल्या सेल्युलोजची असते, ती ढवळून मोडू नये. मात्र हिरवी किंवा काळी, केसाळ बुरशी दिसली तर सगळे फेकून द्यावे, वरवर काढून वापरण्याची काटकसर करू नये.

२५ ते ३० अंश सेल्सिअसला हे काम साधारण चार ते आठ आठवड्यांत होते. चवीवर विसंबू नये, मोजावे. ५ मिली व्हिनेगरमध्ये भरपूर डिस्टिल्ड वॉटर आणि फिनॉल्फथॅलिनचे (आम्ल संपताच गुलाबी होणाऱ्या रंगसूचकाचे) दोन थेंब घालून, चष्मा व हातमोजे घालूनच, त्यात ०.५ नॉर्मल (लिटरमागे २० ग्रॅम) सोडियम हायड्रॉक्साइडचे ताजे द्रावण थेंबाथेंबाने सोडावे. फिकट गुलाबी रंग टिकेपर्यंत लागलेल्या प्रत्येक मिलीमागे ०.६ टक्के आम्ल धरावे. म्हणजे ७ मिली लागले तर आम्ल ४.२ टक्के. आकडा वाढायचा थांबला की लगेच गाळून बाटल्या काठोकाठ भराव्यात व घट्ट बंद कराव्यात, कारण अल्कोहोल संपल्यावर हवा मिळत राहिली तर हेच जिवाणू तयार आम्लही खाऊ लागतात.