गिझरची निवड आणि त्याची निगा

गिझर घ्यायला निघालेला माणूस आधी लिटर विचारतो आणि मग हमीची वर्षे. माझ्या मते पहिला प्रश्न आपल्या नळाला येणाऱ्या पाण्याचा असावा, कारण गिझर किती टिकेल हे त्या पाण्यातील क्षारांवर आणि त्याच्या दाबावर फार अवलंबून असते. नळाच्या तोटीवर पांढरा थर बसत असेल तर पाणी जड आहे असे समजावे आणि आतून काचेरी लेप दिलेली टाकी व सहज काढता येणारे एलिमेंट, म्हणजे पाणी तापवणारी विजेची कांडी, असलेलाच गिझर घ्यावा. दाबाचा हिशेब सोपा आहे. गच्चीवरची टाकी गिझरपासून जितकी उंच, तितक्या उंचीतील दर 10 मीटरमागे सुमारे 1 बार दाब येतो. त्यामुळे उंच इमारतीच्या खालच्या मजल्यांवर आणि प्रेशर पंप असलेल्या घरांत 8 बार दाब सोसणारी टाकी घेणे शहाणपणाचे ठरते.

इन्स्टंट गिझर लहान आणि सुटसुटीत असतो, पण 3 किलोवॅटचे एलिमेंट मिनिटाला जेमतेम पावणेदोन लिटर पाणी 25 अंशांनी तापवू शकते. स्वयंपाकघरातील सिंकला एवढे पुरते, शॉवरला मुळीच पुरत नाही. शॉवरसाठी 25 लिटरचा साठवणीचा गिझर बरा. 20 अंशांचे पाणी 60 अंशांपर्यंत नेताना त्यात सुमारे 1.2 युनिट वीज खर्च होते आणि 2 किलोवॅटचे एलिमेंट हे काम साधारण 35 मिनिटांत करते. गॅस गिझर बंद न्हाणीघरात कधीही बसवू नये. ज्वलनासाठी हवा कमी पडली की त्यातून कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. त्याला रंग नसतो, वासही नसतो, आणि माणसाला काही कळण्याआधीच तो प्राण घेऊ शकतो.

विजेच्या गिझरसाठी 16 अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट, खात्रीचे अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरच्या वीजगळतीवर पुरवठा आपोआप तोडणारा आरसीसीबी नावाचा सुरक्षा-खटका या तीन गोष्टींत काटकसर करू नये.

आता निगेविषयी. टाकीत मॅग्नेशियमचा एक दांडा असतो, त्याला ॲनोड रॉड म्हणतात. टाकीच्या लोखंडाऐवजी हा दांडा झिजतो आणि तो शिल्लक असेपर्यंत टाकीला सहसा गंज लागत नाही. तो संपला की टाकी झिजू लागते, पण बाहेरून काहीच दिसत नाही, म्हणून कोणी तिकडे लक्षही देत नाही. आमच्या घरचा गिझर पाच वर्षांनी पहिल्यांदा उघडला, तेव्हा एलिमेंटवरून अंड्याच्या टरफलासारखे पापुद्रे सुटत होते आणि दांड्याच्या जागी फक्त मधली तार उरली होती. दांडा वेळेवर बदलला असता तर त्या टाकीचे आयुष्य नक्कीच वाढले असते, ही रुखरुख मला अजून आहे. पाणी जड असेल तर दरवर्षी, नाहीतर दोन वर्षांतून एकदा तरी गिझर उघडून घ्यावा आणि दांडा निम्म्याहून अधिक झिजला असेल तर लगेच बदलावा.

हे काम जाणकार तंत्रज्ञाकडून करून घ्यावे, पण त्याचा क्रम आपल्यालाही ठाऊक असावा. आधी एमसीबी, म्हणजे मीटरपेटीतील गिझरचा खटका, पाडावा, पाणी गार होऊ द्यावे, येणारे पाणी बंद करावे आणि मग टाकी रिकामी करावी. एलिमेंटवरचा थर ठोकून काढू नये. सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात ते भिजत ठेवले की थर आपोआप सुटतो. झाकणाची रबरी चकती प्रत्येक वेळी नवी घालावी. टाकी पुन्हा भरताना गरम पाण्याचा नळ उघडा ठेवावा आणि त्यातून सलग धार येईपर्यंत वीज सुरू करू नये, कारण कोरडे एलिमेंट तापले की काही क्षणांत जळते.

थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी किती तापावे हे ठरवणारा खटका, 60 अंशांच्या आसपास ठेवावा. 50 अंशांखाली साठवलेल्या पाण्यात लिजिओनेला जातीचे जिवाणू तग धरू शकतात आणि 60 अंशांच्या पुढे क्षार झपाट्याने बसू लागतात. मात्र 60 अंशांचे पाणी काही सेकंदांत त्वचा भाजते, म्हणून मुले किंवा वृद्ध असलेल्या घरात आधी गार पाणी सोडून मगच त्यात गरम पाणी मिसळावे.

पाणी तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब पडतात, ते पाहून घाबरू नये. पाणी 20 वरून 60 अंशांवर गेले की सुमारे दीड टक्का फुगते आणि ते जादा पाणी तिथून बाहेर येते. ती वाट बूच मारून बंद करणे अतिशय धोक्याचे आहे. व्हॉल्व्हची खिट्टी महिन्यातून एकदा उचलून पाहावी आणि त्यातून पाणी आले नाही तर तो बदलेपर्यंत गिझर वापरू नये.